कोविड-फ्लूनंतरचा म्युकर (लोक ज्याला 'काळी बुरशी' म्हणतात तो आजार): घरी काय तपासायचं, कोणत्या क्रमानं, आणि कुठे चुकतं

कोल्हापुरात गंगावेशीत माझं औषधाचं दुकान आहे. पन्हाळा-गगनबावड्याकडून येणारी माणसं परत जाताना औषधं घ्यायला थांबतात आणि बरोबर शुगरची वही आणतात. या वह्यांमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून हे लिहितोय.

एक पोरगा आला होता. वडिलांना न्यूमोनिया, अकरा दिवस ऑक्सिजन, घरी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू. वहीत आखीव अक्षरात १२८, १३१, ११९, १३४. "सकाळची एकदम बेस हाय की, काका." वडील बाहेर रिक्षात बसलेले. दुपारचे साडेचार वाजले होते. त्यांना आत घेतलं, साबणानं हात धुवायला लावले, बोट टोचलं. मशीनवर आकडा आला ३८६. पोरगा एकदा मशीनकडे बघतोय, एकदा वहीकडे. वही खोटी नव्हती, फक्त रोज सकाळी सातलाच लिहिलेली होती.

त्याला बोलायचा मला फारसा अधिकार नाही. २०२१ च्या एप्रिलपर्यंत मीसुद्धा गिऱ्हाइकांना "उपाशीपोटीची बघत जा" एवढंच सांगायचो.

## सुरुवातीला: हे कोणासाठी

गेल्या तीन महिन्यांत कोविड किंवा फ्लूनं फुफ्फुसाला त्रास होऊन ज्यांना ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड दिलं गेलं किंवा आयसीयूत राहावं लागलं, त्यांच्या घरच्यांसाठी. त्यातही ज्यांना शुगर आहे, किडनी बदललेली आहे किंवा कॅन्सरचे उपचार चालू आहेत, त्यांनी प्रत्येक टप्पा पाळावा. चार दिवस सर्दी-ताप येऊन घरीच बरे झालेल्यांनी घाबरून रोज टॉर्च मारत बसू नये.

म्युकरचे बीजाणू माती, शेणखत, कुजका पाला, शिळी भाकरी-पाव असे सगळीकडे असतात आणि आपण ते रोज श्वासातून घेतो. एरवी पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. शुगर वाढलेली आणि वर स्टिरॉइड असलं की या पेशी ढिल्या पडतात. शुगर फार चढून रक्तात आम्ल वाढलं तर रक्तातलं लोह सुटं होतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. मग ती रक्तवाहिनीत शिरते, तिथे गुठळी होते, पुढच्या भागाचं रक्त तुटतं आणि तो भाग मरून काळा पडतो.

म्हणजे काळा रंग बुरशीचा नाही, मेलेल्या मांसाचा आहे. 'काळी बुरशी' या नावानं फार नुकसान केलं, कारण माणसं काळं दिसायची वाट बघत बसली. काळं दिसेपर्यंत बुरशी पुढे गेलेली असते.

केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ ला मांडलेल्या आकड्यांत देशभरातले ४०,८४५ रुग्ण होते. त्यांतल्या ३१,३४४ जणांना हा आजार नाक-डोळा-मेंदू या वाटेनं झाला होता. सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि निम्म्याहून जास्त जणांनी स्टिरॉइड घेतलेलं होतं. म्हणूनच खालच्या क्रमात शुगर आधी, स्टिरॉइड त्यानंतर आणि नाक-चेहऱ्याची तपासणी रोज.

हे सोडून द्या: हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी नको. फ्रिजमधल्या कांद्यावरची काळी भुकटी म्हणजे म्युकर नव्हे, ती वेगळी बुरशी. कांदे फेकण्यापेक्षा ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणा.

## टप्पा १: डिस्चार्जच्या दिवशी, दवाखान्यातून निघण्याआधी

बिल भरून गाडी बोलवायच्या गडबडीत हा टप्पा राहतो आणि पुढे सगळं अंदाजावर चालतं. वहीच्या पहिल्या पानावर सिस्टरांना किंवा डॉक्टरांना विचारून एवढं लिहून घ्या:

1. स्टिरॉइडचं नाव (डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन यांपैकी कोणतं), किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला सुरू झालं.
2. ते कोणत्या तारखेला बंद होणार. नुसतं "पाच दिवस द्या" नको, तारीख घ्या.
3. शुगरची औषधं कोणती, आणि स्टिरॉइड कमी होत जाईल तसं इन्शुलिन किती कमी करायचं.
4. शुगर कितीच्या वर गेली तर फोन करायचा आणि कोणत्या नंबरवर.
5. शेवटच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा आकडा).

नावं आणि आकडे महत्त्वाचे, कारण सगळ्या गोळ्या मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारख्या नसतात. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ४० आणि मिथाइलप्रेडनिसोलोनचे ३२. "नुसती सहाची गोळी हाय" म्हणून हलकी समजू नका.

तपासा: "आधी शुगर नव्हती" असं म्हणणाऱ्यांची एचबीएवनसी तपासणी चांगली आली म्हणून वही बंद करू नका. ती गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. गेल्या आठवड्यात स्टिरॉइडनं चढलेली शुगर तिच्यात नीटशी उतरत नाही.

## टप्पा २: शुगरची वही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

सकाळी नाश्त्यानंतर घेतलेली प्रेडनिसोलोनची गोळी दुपारपासून संध्याकाळपर्यंत शुगर चढवते आणि रात्रीतून तिचा जोर ओसरतो. सकाळी उपाशीपोटी आकडा छान येतो आणि घरचे निर्धास्त होतात. डेक्सामेथासोनचा असर जास्त वेळ टिकतो, तिच्यात सकाळचा आकडाही चढलेला असू शकतो. म्हणून वहीत चार रकाने आखा: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, संध्याकाळी जेवणाआधी, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी. पट्ट्या महाग आहेत, मला माहीत आहे, मीच विकतो. रोज दोनच परवडत असतील तर दुपारच्या जेवणानंतरची आणि संध्याकाळी जेवणाआधीची बघा. इन्शुलिन चालू असेल तर मात्र सकाळची सोडू नका.

बोट टोचण्याचा क्रम:

1. साबणानं हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर चोळून लगेच टोचू नका. नुकतंच केळं सोललं असेल, गूळ फोडला असेल, उसाचा रस प्यायला असेल, तर बोटाला लागलेल्या साखरेनंच आकडा फुगतो.
2. पट्टीच्या डबीवरची मुदत बघा. पट्टी काढली की झाकण लगेच लावा. आपल्याकडच्या, विशेषतः गगनबावडा-राधानगरीच्या पावसात उघड्या डबीतल्या पट्ट्या ओल धरतात आणि मग आकड्यावर भरवसा राहत नाही.
3. बोटाच्या कडेला टोचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका, हात खाली सोडून थोडा हलवा.
4. आकडा लगेच लिहा, वेळेसकट. "दीडशेच्या आसपास" असं लिहू नका.

आकड्यांचा अर्थ तुमचे डॉक्टर सांगतील तोच धरा. त्यांनी काही सांगितलं नसेल तर ही चौकट वापरा: जेवणानंतरही १८० च्या आत ठेवायचं ध्येय. लागोपाठ दोन वेळा २५० च्या वर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ३०० च्या वर आणि सोबत उलटी, पोटदुखी, खोल-खोल श्वास किंवा गुंगी असेल तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि किटोन (रक्तात आम्ल वाढल्याची खूण) तपासायला सांगा.

थांबा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या शुगरच्या गोळ्या चालू असतील तर दोनशेच्या आसपासच्या शुगरमध्येही रक्तात आम्ल चढू शकतं. माणूस आजारी आहे, जेवत नाही, उलट्या होतायत, अशा वेळी ही गोळी चालू ठेवायची का हे त्याच दिवशी विचारा.

आता गुळाविषयी. "साखर बंद केलीय, गुळाचा चहा घेतात," हे वाक्य कोल्हापुरात रोज कानावर पडतं. गूळ म्हणजे साखरच, फक्त गुऱ्हाळातून आलेली. काकवीचंही तेच. अशक्तपणा आलाय म्हणून दिलेला उसाचा रस, नारळपाण्यात घातलेली ग्लुकोजची पावडर, रोजची चार केळी हे सगळं वहीत दुपारच्या रकान्यात दिसतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानं शुगर चढत नाही, सोबतच्या भाताच्या ढिगानं चढते. ताटात भात-भाकरी निम्मी करा, मटणाचे दोन तुकडे वाढवा. त्याला माझी हरकत नाही, डॉक्टरांचीही बहुधा नसेल. किडनीचं पथ्य असेल तर मात्र आधी विचारा.

## टप्पा ३: स्टिरॉइड ठरल्या तारखेला थांबतंय ना?

दोन चुका होतात आणि दोन्ही उलट टोकाच्या. काही जण व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून गोळी मध्येच सोडतात. दुसरे आणखी धोक्याचे: गोळीनं बरं वाटतं, भूक लागते, म्हणून जुनीच चिठ्ठी दाखवून आणखी एक पाकीट मागतात. चिठ्ठीची घडी चार वेळा उलगडून फाटायला आलेली असते आणि वरची तारीख महिन्यापूर्वीची.

कोविडमध्ये डेक्सामेथासोनचा फायदा सिद्ध झाला तो रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. फ्लूमध्ये तर दमा किंवा असं दुसरं कारण नसेल तर स्टिरॉइड नेहमीच्या उपचारात बसतच नाही. डॉक्टर काही रुग्णांत जास्त दिवस देतात, त्याला कारणं असतात. पण ते कारण त्यांनी सांगितलेलं असावं, तुम्ही ठरवलेलं नसावं.

1. पहिल्या पानावरची बंद करायची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा.
2. डोस टप्प्याटप्प्यानं कमी करायचा असेल तर रोजच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधून वर तारीख टाका.
3. डोस कमी झाला त्या दिवसापासून शुगर खाली येऊ लागते. इन्शुलिन तेवढंच राहिलं तर ती नको इतकी खाली जाते.

थांबा: घाम, थरथर, बडबड, किंवा आकडा ७० च्या खाली आला तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

### घरात एवढं सांभाळा

ऑक्सिजनचं मशीन घरी असेल तर त्याच्या बाटलीतलं पाणी रोज बदला. नळाचं नको, डिस्टिल्ड घ्या. बाटली साबणानं धुऊन वाळवा. मास्क वापरत असाल तर रोज धुतलेला, पूर्ण सुकलेला वापरा. गोठा, शेणखत, पाचट, ओल धरलेली अडगळ यांतली कामं तीन महिने दुसऱ्यांनी करायची. पंचगंगेचं पाणी घरात येऊन गेलं असेल तर भिंतीवरची बुरशी खरवडायला आजारातून उठलेला माणूस नको, तेवढे दिवस त्याला पाहुण्यांकडे ठेवा. वाफ घेतल्यानं म्युकर टळत नाही, भाजण्याची भीती मात्र खरी आहे.

## टप्पा ४: रोजची दोन मिनिटं

म्युकरची लक्षणं बहुतेकांत मूळ आजारानंतर दोन-तीन आठवड्यांत दिसतात, काहींत आणखी उशिरा. म्हणजे माणूस घरी येऊन सगळे सैलावलेले असतात नेमके तेव्हा. पहिले सहा आठवडे रोज आणि नंतर तीन महिने पुरे होईपर्यंत आठवड्यातून दोनदा ही तपासणी करा.

वेळ सकाळची, जागा दाराजवळच्या उजेडात, तपासणारा माणूस शक्यतो रोज तोच.

1. विचारा. "बरं आहे ना?" असं विचारलं तर आपली म्हातारी माणसं "हाय की" म्हणणार. "कालपेक्षा एका बाजूला काही वेगळं वाटतंय का? नाक, गाल, डोळा, दात?" असं एकेक नाव घेऊन विचारा.
2. नाक. एक नाकपुडी बंद करून दुसरीनं श्वास घ्यायला लावा, मग उलट. एकच बाजू चोंदलीय का? पांढऱ्या रुमालावर शिंकरून बघा: रक्त, तपकिरी पाणी, काळपट खपली?
3. गाल. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं दोन्ही गाल, वरचा ओठ आणि डोळ्याखालचा भाग आळीपाळीनं स्पर्शा. "दोन्हीकडे सारखं कळतंय का?" एका बाजूचा बधिरपणा ही लवकर मिळणारी खूण आहे आणि ती आरशात दिसत नाही. मग गालाच्या हाडावर दाबून दुखतं का बघा.
4. डोळे. पापण्या सारख्या उघडतायत का, एक डोळा सुजलाय, लाल आहे किंवा पुढे आलाय का? एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा, मग दुसरा झाकून. दोन्ही उघडे ठेवून तुमचं एक बोट दोन दिसतं का?
5. तोंड. कवळी काढायला लावा. मिश्री लावायची सवय असेल तर आधी चूळ भरून तोंड साफ करा, नाहीतर मिश्रीचा डाग बघून घर डोक्यावर घ्याल, किंवा खरा डाग मिश्रीचा समजून सोडून द्याल. टॉर्चनं टाळू बघा: फिकट, जांभळट, काळपट चट्टा? वरचे दात जिभेनं ढकलून हलतायत का?
6. फोटो. रोज त्याच जागी उभं करून तीन फोटो काढा: चेहरा समोरून, डोळे वर, तोंड उघडून टाळू. रोज बघणाऱ्याला सूज कळत नाही, चार दिवसांपूर्वीच्या फोटोशेजारी ठेवली की कळते.

ऑक्सिजनच्या नळीनं नाक कोरडं पडून रक्ताची सुकी खपली येते, ती काळीच दिसते. ती कुठली आणि म्युकरची कुठली, हे घरी ठरवू नका. बोटानं किंवा काडीनं कोरून काढू नका.

तपासा: लक्षण दोन्ही बाजूंना, नाकातून पांढरं पाणी, दुखणं-बधिरपणा काही नाही, शुगर १८० च्या आत: बहुधा सर्दी, तरी दुसऱ्या दिवशी फोनवर कळवा. एका बाजूचं नाक चोंदणं, दुखणं, बधिरपणा, सूज, दात हलणं, डोळ्याचं काहीही, टाळूवर चट्टा: यांतलं एक जरी असलं तरी आजच निघा.

फुफ्फुसाच्या म्युकरची वाट वेगळी आहे. उतरलेला ताप पुन्हा येणं, छातीत टोचणं, थुंकीत रक्त, कमी होत आलेला ऑक्सिजन पुन्हा जास्त लागणं. फ्लू आणि कोविडच्या गंभीर रुग्णांत ॲस्परजिलस नावाची दुसरी बुरशीही फुफ्फुसात शिरते. तिची लक्षणं जवळपास अशीच, पण औषध वेगळं. म्हणून नुसतं "बुरशी झालीय" एवढ्यावर थांबू नका, कोणती ते विचारा.

## टप्पा ५: लक्षण दिसलं त्या दिवशी

इथे दिवस वाया जातात, आणि कसे जातात ते मी काउंटरच्या आतून बघतो. दात दुखतो म्हणून दाताच्या दवाखान्यात, दात काढला, तरी ठणका थांबेना. डोळा सुजला म्हणून डोळ्यात थेंब. "सायनस असेल" म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिक. आणि कोणीतरी सांगितलं म्हणून माझ्याकडे फ्लुकोनॅझोलची गोळी मागायला. ही गोळी नायट्यावर चालते, म्युकरवर चालत नाही. व्होरिकोनॅझोलही चालत नाही. नाकात हळदीचं किंवा तुरटीचं पाणी सोडू नका.

क्रम असा ठेवा:

1. शुगर तपासा, लिहा. घरात किटोनच्या पट्ट्या असतील तर लघवी तपासा.
2. पिशवी भरा: डिस्चार्ज कार्ड, शुगरची वही, छातीचे फोटो-सीटी, चालू गोळ्यांची पाकिटंच (नावं तोंडी नकोत), इन्शुलिन, आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो असलेला मोबाइल.
3. जिथे नाक-कान-घशाचे डॉक्टर, नाकाची दुर्बीण आणि एमआरआय एकाच ठिकाणी किंवा जवळपास आहेत तिथेच जा. शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे आणि मोठी खासगी रुग्णालयंही आहेत. आधी फोन करून "आज दुर्बिणीनं नाक तपासणारे डॉक्टर आहेत का" एवढं विचारा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर पडतं. रात्रीतून पोचून सकाळी कळलं की डॉक्टर सुट्टीवर आहेत, असं व्हायला नको.
4. केस पेपर काढतानाच एका दमात सांगा: "यांना अमुक तारखेला कोविडचा न्यूमोनिया झाला, इतके दिवस स्टिरॉइड घेतलं, शुगर इतकी आहे, कालपासून डावा गाल बधिर आहे. म्युकरची शंका आहे, दुर्बिणीनं तपासणी आजच हवी." नुसतं "डोकं दुखतंय" म्हणालात तर साध्या रांगेत बसाल.

दाताच्या डॉक्टरांकडे गेलाच असाल तर दाताला हात लावण्याआधी त्यांना स्टिरॉइड आणि शुगरचं सांगा. हलणारे वरचे दात बघून संशय आधी त्यांनाच येईल.

दवाखाना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) भेटून विचारा. आधी ऑपरेशन आणि मग कागद, या क्रमानं गेलात तर फार धावपळ होते.

## टप्पा ६: तपासण्या

दुर्बिणीनं नाकात बघून डॉक्टर संशयाच्या जागेचा तुकडा घेतात. या तुकड्याच्या तीन तपासण्या होतात. केओएच ही सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी काही तासांत कळते, तिच्यात म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले दिसतात. बायोप्सीत बुरशी मांसात आणि रक्तवाहिनीत घुसलीय का ते कळतं. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, दिवस लागतात, आणि आजार असूनही ते कित्येकदा कोरं येतं.

नमुन्याची बाटली नातेवाइकांच्या हातात देऊन "लॅबला द्या" म्हणण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, म्हणून सांगतो:

1. दोन बाटल्या हव्यात. बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, केओएच-कल्चरचा सलाइनमध्ये. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते, त्यावर कल्चर होत नाही.
2. दोन्हींवर नाव, तारीख, कोणत्या बाजूचा तुकडा, आणि चिठ्ठीवर "म्युकरची शंका" लिहिलंय का बघा. हे शब्द वाचले की लॅबवाले कल्चरचा तुकडा वाटून बारीक करत नाहीत. वाटल्यानं म्युकरचे तंतू तुटून मरतात.
3. फ्रिजमध्ये ठेवू नका, बर्फात घालू नका, लगेच पोचवा.

सीटीत हाड दिसतं, डोळा आणि मेंदूकडे आजार गेलाय का ते एमआरआयत जास्त चांगलं कळतं. इंजेक्शन देऊन एमआरआय करायचा असेल तर क्रिएटिनिनचा आकडा लागेल, तो वहीच्या पहिल्या पानावर आहेच.

थांबा: गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या रक्तातल्या बुरशीच्या तपासण्या म्युकर पकडत नाहीत. त्या निगेटिव्ह आल्या म्हणून पेढे वाटू नका. आणि कल्चरच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवायचे नसतात, संशय पक्का असेल तर डॉक्टर आधीच सुरू करतात.

## टप्पा ७: ऑपरेशन आणि ॲम्फोटेरिसिन

मेलेल्या भागात रक्त जात नाही म्हणून औषधही पोचत नाही. तो भाग काढावाच लागतो, कधी दोन-तीन वेळा. "इंजेक्शननं होतंय का बघू, मग ऑपरेशन" असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

ॲम्फोटेरिसिन-बी हे म्युकरवरचं इंजेक्शन दोन प्रमुख प्रकारांत मिळतं आणि नावातल्या सारखेपणामुळे इथे जीवघेणी चूक होऊ शकते. लायपोसोमल प्रकाराचा डोस साधारण किलोला ५ मिलिग्रॅम, मेंदूपर्यंत आजार गेला असेल तर आणखी जास्त. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. जुन्या साध्या प्रकाराचा डोस किलोला १ ते दीड मिलिग्रॅम, त्याच्या वर कधीच नाही. लायपोसोमलच्या हिशेबानं साधं दिलं गेलं तर माणूस हाताबाहेर जातो. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर:

1. चिठ्ठीवरचा प्रकार आणि खोक्यावरचा प्रकार शब्दाला शब्द जुळवा. दुकानदारानं "हे नाही, ते आहे, तेच असतंय" म्हटलं तर डॉक्टरांना फोन लावल्याशिवाय घेऊ नका.
2. साठवणीचं तापमान खोक्यावर वाचा. थंड ठेवायचं असेल तर थर्मासमध्ये बर्फाच्या पाकिटाबरोबर आणा, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं औषध वाया जातं.
3. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चढवतात. मिठाच्या सलाइनमध्ये ते फाटतं. किडनीसाठी मिठाचं सलाइन वेगळं, आधी दिलं जातं. दोन बाटल्या बघून गोंधळू नका.

डेक्स्ट्रोज म्हणजे साखर, तेव्हा शुगरची वही दवाखान्यातही चालू ठेवा. थंडी वाजणं, ताप हे चढवताना होऊ शकतं, सिस्टरांना लगेच सांगा. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर तपासतात. लघवी कमी झाली, पायात गोळे आले, छाती धडधडली तर राउंडची वाट बघू नका.

## टप्पा ८: घरी परत, पोसाकोनॅझोलच्या गोळ्या

इंजेक्शननंतर आठवडे-महिने गोळ्या चालतात. पोसाकोनॅझोलची गोळी १०० मिलिग्रॅमची असते आणि नेहमीचा डोस ३०० चा. पहिल्या दिवशी दोन वेळा तीन-तीन, मग रोज एकदा तीन. "तीन गोळ्या" ऐकून कित्येक जण सकाळ-दुपार-रात्र एकेक घेतात. तिन्ही एकदम घ्यायच्या, जेवणानंतर, न चावता, न तोडता. याच औषधाचं पातळ सिरपही येतं. त्याचा डोस वेगळा, गोळीऐवजी तेवढंच सिरप चालत नाही.

थांबा: कोलेस्ट्रॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर पोसाकोनॅझोल सुरू होण्याआधी सांगा. दोन्ही एकत्र घेतली की स्नायूंना मोठी इजा होऊ शकते. बीपीची, झोपेची, किडनी बदललेल्यांची औषधंही तपासून घ्यावी लागतात. हे काम दुकानदाराचंही आहे, म्हणून सगळी पाकिटं एकाच दुकानात दाखवा.

नाक धुवायला सांगितलं असेल तर पाणी उकळून गार केलेलं किंवा तयार निर्जंतुक सलाइन वापरा. नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी थेट नाकात नको. टाळूचा भाग काढला असेल तर जेवण नाकात येतं. त्या भोकावर बसवायची कवळीसारखी तात्पुरती प्लेट दाताचे डॉक्टर करून देतात, ऑपरेशन ठरतानाच त्यांची भेट मागा. बरं वाटलं म्हणून दुर्बिणीची तारीख चुकवू नका, कारण आजार परत आला तर बाहेरून दिसायच्या आधी तो आत दिसतो.

वही कधी बंद करायची, हा प्रश्न शेवटी येतोच. माझं उत्तर: स्टिरॉइड पूर्ण बंद झाल्यावर सलग दोन आठवडे दुपारच्या रकान्यात १८० च्या वर एकही आकडा नसेल तर डॉक्टरांना विचारून चारऐवजी दोन रकाने ठेवा. त्या दोनातला एक दुपारचा.